आईचे कान, बाईंचा प्रश्न

आई दोन्ही कानांनी बहिरी होती आणि त्याबद्दल तिची कुणाकडेही तक्रार नव्हती. सांगलीतल्या हळदीच्या अडत्याची ती मुलगी. जमा आणि नावे या दोन शब्दांत जगाचा निवाडा करायची सवय तिनं माहेरून आणलेली होती. "कान दिले, जीव घेतला. सौदा वाईट नाही झाला," असं ती म्हणायची. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नसे, त्यामुळे हे वाक्य अर्ध्या वाड्याला ऐकू जायचं.

तिचा जीव ज्यानं वाचवला आणि कान ज्यानं नेले ते औषध एकच होतं, स्ट्रेप्टोमायसिन. जंतूच्या पेशीत रायबोसोम नावाचा जो कण असतो त्यावर ते काम करतं. त्या कणाशी माझा संबंध माझ्या जन्माआधीपासूनचा आहे. त्याची ओळख करून देणाऱ्या माणसांचं देणं माझ्या डोक्यावर आहे. त्यांतल्या एका बाईंनी मला वर्गात शिकवलं, बाकीच्यांना मी कधी पाहिलंही नाही. हे देणं फिटण्यातलं नाही, पण ते कुणाकुणाचं आहे हे तरी नीट लिहून ठेवावं, म्हणून हा प्रपंच.

१९५६ सालचा पावसाळा सरता सरता आईला खोकल्यातून रक्त पडलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. क्षय हा शब्द घरात कुणी मोठ्यानं उच्चारला नाही, पण तिची ताटवाटी त्याच दिवशी वेगळी झाली. मिरजेकडच्या एका सॅनेटोरियममध्ये तिला ठेवलं. दहा वर्षांपूर्वी असं ठेवलं असतं तर मोकळी हवा, दूध, अंडी आणि देवाची करुणा एवढीच औषधं होती. पण मधल्या काळात जग बदललं होतं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात आल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्यानं १९४३ साली मातीतल्या 'स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस' या जंतूपासून हे औषध मिळवलं होतं. १९५२ सालचं नोबेल मात्र त्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सेलमन वॅक्समन यांना एकट्यांना मिळालं. श्रेयासाठी शॅट्झना त्याआधीच कोर्टाची पायरी चढावी लागली होती. तडजोडीत सहसंशोधक म्हणून त्यांचं नाव मान्य झालं, पण नोबेलच्या वेळी ते कुणी विचारात घेतलं नाही. माझ्या यादीत पहिलं नाव शॅट्झ यांचं आहे.

या औषधाची ब्रिटनमधली चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ रुग्णांपैकी १४ दगावले. पुढे जंतू एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जुमानेनासे झाले, म्हणून त्याच्या जोडीला दुसरी औषधं देऊ लागले. आईच्या वेळेपर्यंत ही जोडी ठरून गेली होती. तिला रोज इंजेक्शन असायचं. आजोबांनी त्या वर्षीची हळद भाव यायच्या आतच विकून टाकली, हे मला पुढे मामाकडून कळलं.

काही आठवड्यांनी आईच्या कानात घणघण सुरू झाली. त्याआधी तिचा तोल जाऊ लागला होता. दिवसा जमायचं, पण अंधारात भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकता येईना. मग आवाज एकेक करून जाऊ लागले. आधी बारीक आवाज गेले, पाखरांचे, बांगड्यांचे. शेवटी माणसांचे गेले. फुप्फुसं मात्र भरून आली. १९६० साली मी जन्मले तेव्हा माझं रडणं तिला ऐकू आलं नाही. पाळण्याच्या दोरीला हाताचा स्पर्श ठेवून ती झोपायची. मी हलले की दोरी हलायची.

मला पुढे फार विलक्षण वाटलेली एक गोष्ट इथेच सांगते. आईला ती इंजेक्शनं चालू होती त्या काळात, ज्या कणावर ती नेम धरत होती त्याला अजून नाव नव्हतं. रुमानियात जन्मलेल्या जॉर्ज पलाडे यांनी १९५५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतले ते बारीक ठिपके नोंदवले होते. 'रायबोसोम' हे नाव १९५८ साली रिचर्ड रॉबर्ट्स यांनी सुचवलं. तोपर्यंत आई बरी होऊन घरी आली होती, बहिरी होऊन.

मी १९७९ साली सांगलीतच बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं आणि बाईंच्या हाताखाली आले. बाई मुंबईत शिकलेल्या. बोलणं तुटक, अक्षर मोत्यासारखं. "रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनांचा कारखाना" असं उत्तरपत्रिकेत लिहिलं की त्या शून्य गुण द्यायच्या. "कारखाना म्हटलं की तुमचा विचार संपतो. आत कोण काय करतं ते लिही. उपमा द्यायचीच असेल तर अशी दे की ती कुठे मोडते तेही तुला सांगता आलं पाहिजे."

त्यांची स्वतःची उपमा जात्याची होती. रायबोसोमचे दोन भाग असतात, एक लहान, एक मोठा. एरवी ते सुटे असतात. काम निघालं की जात्याच्या तळ्यांसारखे एकमेकांवर बसतात आणि त्यांच्या मधून संदेशवाहक आरएनएचा धागा सरकत जातो. धाग्यावर जनुकाचा मजकूर तीन तीन अक्षरांच्या गटांत असतो. लहान भाग तो वाचतो. मोठा भाग त्या वाचनाप्रमाणे अमिनो आम्लं एकमेकांना जोडतो. आम्लं वाहून आणणाऱ्या टीआरएनएच्या रेणूंसाठी दोन्ही भागांच्या मध्ये तीन जागा असतात. पहिल्या जागेत नवा रेणू येतो, दुसऱ्या जागेतला आपल्यापाशी आतापर्यंत झालेली साखळी धरून असतो, तिसऱ्यातून रिकामा झालेला बाहेर पडतो. साखळी दुसऱ्याकडून पहिल्याकडे जाते, सगळे एकेक जागा पुढे सरकतात, धागा तीन अक्षरं पुढे जातो. जंतूच्या पेशीत हे एका सेकंदात पंधरा-वीस वेळा घडतं.

"आता ही उपमा कुठे मोडते?" बाई विचारायच्या. कुणीतरी म्हणायचं, जातं दाणा फोडतं आणि रायबोसोम जोडतो. "ते झालंच. आणखी?" मग त्या स्वतः सांगायच्या की जात्याची वरची तळी गरगर फिरते, रायबोसोमचा भाग मात्र दुसऱ्याच्या तुलनेत किंचित वळून परत जागेवर येत असावा. त्या काळी हा नुसता तर्क होता. योआखिम फ्रँक आणि राजेंद्र अग्रवाल यांनी २००० साली ती हालचाल गोठवलेल्या रायबोसोमच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांवरून दाखवली. एका लहानशा शहरात, जुन्या पुस्तकांवर भागवत असताना, तर्काला तर्क म्हणूनच सांगण्याची शिस्त बाईंनी पाळली. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा ती शिस्त पाळणं किती अवघड असतं ते कळलं.

दरवर्षी एक हिशोब ठरलेला असायचा. जंतूंच्या रायबोसोमचा लहान भाग ३०एस, मोठा ५०एस, आणि दोन्ही मिळून ७०एस. वर्गातलं एखादं पोर हमखास विचारायचं, की बाई, तीस आणि पन्नास ऐंशी होतात. त्या खूश व्हायच्या. एस हे वजन नाही. वेगानं फिरणाऱ्या नळीत कण किती भरभर तळाला जातो त्याचं ते माप आहे. ते वजनावर अवलंबून असतं तसं आकारावरही. दोन भाग जुळले की मिळून त्यांचा आकार बदलतो, म्हणून बेरीज जुळत नाही. आपल्या पेशींतले रायबोसोम मोठे असतात, ४०एस आणि ६०एस मिळून ८०एस. "हा फरक नीट लक्षात ठेवा. जगातली निम्मी अँटिबायोटिकं या फरकावर जगतात," असं त्या म्हणायच्या. निम्मी हा शब्द त्या हात उडवून म्हणायच्या, मोजून नव्हे. पण मुद्दा खरा होता. टेट्रासायक्लिन नव्या टीआरएनएची जागा अडवतं. एरिथ्रोमायसिन साखळी बाहेर पडायच्या बोगद्यात बसतं. त्या काळी विषमज्वरावर देत ते क्लोरॅम्फेनिकॉल थेट जोडणीच्या जागी बसतं. यातलं प्रत्येक औषध जंतूचा रायबोसोम ओळखतं आणि आपला सोडून देतं.

एका प्रॅक्टिकलला आम्ही जंतू पसरलेल्या अगारवर स्ट्रेप्टोमायसिनची चकती ठेवली. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ, पारदर्शक कडं होतं. तिथे काहीच उगवलं नव्हतं. ते पाहताना मी सहज म्हणून गेले, "बाई, माझी आई याच औषधानं बहिरी झाली." बाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी मला स्टाफरूममध्ये बोलावून म्हणाल्या, "हे औषध सत्तर एसला धरतं, ऐंशी एसला धरत नाही. बरोबर? मग तुझ्या आईच्या कानाला त्यानं कसं धरलं?"

मला उत्तर येत नव्हतं. त्यांनाही येत नव्हतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

पुढच्या रविवारी बाई आमच्या घरी आल्या. आईशी बोलायला घरात पाटी-पेन्सिल असायची. पाहुणे साधारण पाटीवर 'बरं आहे ना?' असं लिहून संपवत. बाईंनी लिहिलं, "ताई, आधी काय गेलं? तोल की आवाज?" आई चमकली. मग म्हणाली, "तोल." "आवाजांमध्ये आधी कोणते?" "बारीक." "तुमच्या माहेरी आणखी कुणाचे कान गेलेत?" आईनं मामाचं सांगितलं. पायाला जखम चिघळली तेव्हा त्याला पेनिसिलिनबरोबर स्ट्रेप्टोमायसिनची मोजकीच इंजेक्शनं दिली होती. तेवढ्यानंच त्याचे कान गेले. सॅनेटोरियममध्ये आईच्या शेजारच्या खाटेवर असलेल्या बाईला आईइतकीच इंजेक्शनं मिळाली आणि तिला काहीही झालं नाही, हेही आईनं आपण होऊन सांगितलं. बाई सगळं वहीत उतरवून घेत होत्या.

आईच्या बहिरेपणाबद्दल हळहळणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली होती. त्याबद्दल जाणकाराला विचारावं तसं तिला विचारणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दुपारी आई रुग्ण नव्हती, साक्षीदार होती. हे बाईंचं माझ्यावरचं सगळ्यात मोठं ऋण. विज्ञान कुठल्या पुस्तकात असतं ते इतरांनीही मला सांगितलं. आमच्या माजघरातही ते आहे, हे बाईंनी दाखवलं.

जाताना दारात उभ्या राहून त्यांनी एक अंदाज बोलून दाखवला. आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया असतात. त्यांच्यात स्वतःचे वेगळे रायबोसोम असतात, आणि ते जंतूंच्या घराण्यातले आहेत. मायटोकाँड्रिया हे मुळात कोणे एके काळी दुसऱ्या पेशीत राहायला आलेले जंतूच, असं लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली मांडलं होतं. आमच्या विद्यार्थीदशेत त्याला आरएनएचे पुरावे मिळू लागले होते. "औषधाला जंतू हवा असतो. तो आपल्याही आत असेल तर ते काय करणार?" एवढं बोलून बाई जिना उतरल्या.

शिक्षण संपवून मी कोल्हापुरात शिकवू लागले. बाईंचा प्रश्न दरवर्षी वर्गात मांडायचे. १९९३ साली अमेरिकेतल्या एका गटानं एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तो माझ्या हाती पडायला काही वर्षं गेली. एका अरब-इस्रायली घराण्यातल्या आणि चीनमधल्या तीन कुटुंबांतल्या बहिऱ्या माणसांचा तो अभ्यास होता. त्यांच्या मायटोकाँड्रियातल्या रायबोसोमच्या आरएनएमध्ये १५५५ क्रमांकाच्या जागी 'ए'ऐवजी 'जी' होतं. एवढ्या एका अक्षराच्या फरकानं तिथली घडी जंतूच्या रायबोसोमसारखी होते, आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातल्या औषधांना तिथे बसायला जागा मिळते. मायटोकाँड्रिया आईकडूनच येतात, त्यामुळे हा बदलही आईकडूनच येतो. आई आणि मामा एका आईची मुलं. शेजारच्या खाटेवरची बाई वेगळ्या घरची.

मी बाईंना पत्र टाकलं. त्या निवृत्त झाल्या होत्या. पोस्टकार्डावर उत्तर आलं, "अर्धं झालं. मायटोकाँड्रिया जवळजवळ सगळ्या पेशींत असतात. मग कानच का?" शाबासकीचा शब्द नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता.

त्याचं उत्तर नंतरच्या संशोधनानं दिलं. आतल्या कानातल्या संवेदी पेशींवर बारीक रोमांचे झुबके असतात. आवाजानं ते हलले की त्यांच्यावरच्या सूक्ष्म वाटा उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि आपल्याला ऐकू येतं. त्याच वाटेनं हे औषधही आत शिरतं आणि बराच काळ आत राहतं. तोल सांभाळणाऱ्या पेशीही याच घडणीच्या असतात. माणसात त्या एकदा मेल्या की नव्या येत नाहीत. ऐकण्यासाठी उघडं ठेवलेल्या दारानंच घात केला, एवढंच ते.

सप्टेंबर २०००मध्ये 'नेचर'च्या एका अंकात ३०एसचं अणूंच्या पातळीवरचं चित्र छापून आलं. वेंकटरामन रामकृष्णन यांच्या केंब्रिजमधल्या गटाचं ते काम. जपानमधल्या गरम झऱ्यात सापडलेल्या 'थर्मस थर्मोफिलस' या जंतूचे रायबोसोम त्यांनी वापरले होते. त्याच अंकात त्यांचाच दुसरा निबंध होता. त्यात लहान भागाला चिकटलेली तीन अँटिबायोटिकं दाखवली होती आणि त्यांतलं एक स्ट्रेप्टोमायसिन होतं.

पुण्याला ग्रंथालयात तो अंक उघडून मी कितीतरी वेळ बसून राहिले. आईचं औषध तिथे बसलेलं दिसत होतं. रायबोसोमच्या आरएनएचे चार वेगवेगळे पदर आणि एक प्रथिन यांना त्यानं एकत्र जखडून ठेवलं होतं. त्याचा परिणाम काय होतो हे ज्युलियन डेव्हिस, वॉल्टर गिल्बर्ट आणि लुइजी गोरिनी यांनी १९६४ सालीच दाखवलं होतं. रायबोसोम वाचताना चुका करू लागतो. एरवी हजारो अमिनो आम्लांत एखादी चूक होते. योग्य टीआरएनए आला की रायबोसोममधली दोन अक्षरं आपल्या जागेवरून बाहेर वळतात आणि जुळलेल्या जोडीची खाच चाचपून पाहतात. खाच बरोबर असेल तरच दार लागतं. औषध रायबोसोमला अशा स्थितीत धरून ठेवतं की चुकीच्या रेणूलाही दार लागतं. मग चुकीची प्रथिनं तयार होत जातात, आणि जंतू मरतो त्यामागे हे एक मोठं कारण असतं.

मी त्या चित्राची रंगीत प्रत काढून सांगलीला नेली. आईचं वय झालं होतं. पाटीवर लिहिलं, "हे तुझं इंजेक्शन." तिनं चष्मा नीट केला, बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "यात माझं काय आणि जंतूचं काय?" मी लिहिलं, "चित्र जंतूचं आहे. पण तुझ्या कानात जे होतं ते जवळपास असंच." ती म्हणाली, "म्हणजे भाऊबंदकी." आणि हसली.

इतक्या वर्षांच्या वाचनातून माझ्या हाती जे लागलं ते तिनं एका शब्दात सांगून टाकलं. या औषधानं आईला वाचवलं ते जंतू आणि आपण वेगळे आहोत म्हणून. तिचे कान नेले ते आपण त्यांचे नातलग आहोत म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच कणात आहेत. फक्त वेगळेपणाचे आभार मानून नात्याला दोष देता येत नाही, कारण ते नातं नसतं तर आपल्या पेशीत ऊर्जाच नसती, आणि आभार मानायला आपणही नसतो.

२००० सालीच येल विद्यापीठातल्या थॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटानं ५०एसचं चित्र दिलं. अमिनो आम्लं जिथे जोडली जातात त्या जागेजवळ प्रथिन नव्हतंच. तिथे होता नुसता आरएनए. म्हणजे जगातली सगळी प्रथिनं बनवणारं यंत्र स्वतः मुळात प्रथिनांचं नाही. हॅरी नॉलर यांच्या प्रयोगांनी तशी शंका १९९२ सालीच बळकट केली होती. हा गाभा इतका जुना आहे की जंतू, जास्वंद आणि माणूस सगळ्यांत तो ओळखू येतो. आईच्या भाऊबंदकीचा सातबारा इथपर्यंत जातो.

या सगळ्या चित्रांची वाट एका बाईनं पाडली. अ‍ॅडा योनाथ, जेरुसलेममधल्या गरीब घरात १९३९ साली जन्मलेल्या, वडील लहानपणीच गेलेल्या. रायबोसोमसारख्या अवाढव्य, सतत हलणाऱ्या गोष्टीचे स्फटिक होणं शक्य नाही असं जाणते म्हणत होते, तेव्हा त्यांनी त्याचा ध्यास घेतला. सायकलवरच्या अपघातानंतर अंथरुणात असताना त्यांनी वाचलं की थंडीत दीर्घ झोप घेणाऱ्या अस्वलांच्या पेशींत रायबोसोम शिस्तीत रचून ठेवलेले असतात. रचून ठेवता येत असतील तर स्फटिकही होतील, असं त्यांनी धरलं. १९८० साली पहिले स्फटिक मिळाले. उष्ण झऱ्यांतले आणि मृत समुद्रातले जंतू त्यांनी निवडले, कारण अशा ठिकाणी तगणाऱ्यांचे रायबोसोम चिवट असतात. क्ष-किरणांनी स्फटिक जळून जात, म्हणून ते उणे १८५ अंशांपर्यंत थंड करायची पद्धत त्यांनी रुळवली. चित्र पुरं व्हायला वीस वर्षं लागली.

७ ऑक्टोबर २००९ रोजी रामकृष्णन, स्टाइट्झ आणि योनाथ यांना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. रामकृष्णन तामिळनाडूतल्या चिदंबरमचे, पण वाढले सयाजीरावांच्या बडोद्यात. तिथल्या विद्यापीठातून ते भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले. अमेरिकेत भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकायला घेतलं. आमच्या कॉलेजात पेढे वाटले. त्या आठवड्यात भारतातून त्यांना इतकी पत्रं गेली की ते वैतागले, आणि राष्ट्रीयत्व हा जन्माचा अपघात आहे असं त्यांनी बोलून दाखवलं. मलाही लिहावंसं वाटत होतं. मी लिहिलं नाही. तुमच्या चित्रात माझ्या आईचं औषध आहे, हे कुठल्या देशाच्या नात्यानं सांगायचं?

आई तोवर गेली होती. बाईही त्याच सुमाराला गेल्या. नंतर केव्हातरी मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत रक्त दिलं. आईच्या पाठीमागे तिची तपासणी कशी होणार, असं भावानं विचारलं. पण मायटोकाँड्रियाच्या बाबतीत माझं रक्त तपासणं म्हणजे तिचंच तपासणं. अहवाल आला. १५५५ क्रमांकाच्या जागी 'जी' होतं. माझे कान शाबूत आहेत, कारण ते औषध माझ्या वाट्याला कधी आलं नाही. भावातही ते अक्षर आहे, पण त्याच्यापाशी ते थांबतं. त्याच्या मुलांत ते जाणार नाही. माझ्या मुलीत ते गेलेलंच आहे.

मुलगी हिशेबनीस आहे, आजीवर गेलेली. रायबोसोम म्हणजे काय हे तिला मी लहानपणापासून ऐकवत आले, ती कंटाळत आली. तिच्या बाळंतपणाच्या वेळी बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची शंका डॉक्टरांना आली. नवजात बाळांना अशा वेळी जेंटामायसिन दिलं जातं. ते स्ट्रेप्टोमायसिनच्याच, म्हणजे अमिनोग्लायकोसाइडच्या कुळातलं. दिलं तर ते ताबडतोब द्यावं लागतं, चौकशीला वेळ नसतो. मँचेस्टरमध्ये याच कारणासाठी बाळाच्या गालातून नमुना घेऊन अर्ध्या तासाच्या आत हे अक्षर शोधणारी चाचणी २०२२ साली यशस्वी ठरल्याचं प्रसिद्ध झालं. आमच्याकडे ती नव्हती. मी बाहेरगावाहून निघाले होते, वाटेतच होते.

मुलीनं पडल्या पडल्या डॉक्टरांना सांगितलं, आमच्या घरात पंधराशे पंचावन्नचा बदल आहे, अमिनोग्लायकोसाइड देऊ नका. तरुण डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही मेडिकलच्या का? ती म्हणाली, "नाही. आमच्या आजीचे कान गेले होते." त्यांनी फाइलीवर लाल शाईनं तसं लिहिलं आणि पेशीच्या भिंतीवर काम करणारं, रायबोसोमला हात न लावणारं दुसरं औषध सुरू केलं. चौथ्या दिवशी बाळ घरी आलं. कान तपासले, दोन्ही उत्तम.

आईनं १९५७ साली जे कान दिले त्याची किंमत म्हणून तिला जीव मिळाला, एवढाच तिचा हिशोब होता. तिच्या जमेच्या बाजूला आणखी दोन कान लिहायला हवेत, हे तिला सांगायला ती नाही, आणि तिला बोलतं करणाऱ्या बाईही नाहीत. बाळ मुलगी आहे. ते अक्षर तिच्यात आलेलं आहे आणि तिच्या मुलांत जाईल. म्हणून तिच्या जन्मपत्रिकेच्या पाकिटात रक्ताचा अहवाल आणि लाल शाईच्या त्या पानाची प्रत आम्ही एकत्र ठेवली आहे.